‘घर विकणे आहे’ : पाटी लावण्याआधीचे आणि नंतरचे प्रश्न

कोकणातल्या घर-जागेच्या व्यवहारांवर वाचकांकडून प्रश्न मागवले, तर त्यातले बरेचसे फाटकावरच्या पाटीबद्दलच निघाले. म्हणून या वेळचं सदर पाटीलाच दिलं आहे. कागदपत्रांचे प्रश्न त्यात आलेच, कारण गावात पाटी लागली की पहिला फोन गिऱ्हाइकाचा नसतो, भावकीचा असतो.

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचं कौलारू घर आणि भोवती सहा गुंठे आवार आहे. आम्ही ठाण्याला असतो. गणपतीत गावी जाऊ तेव्हा पाटी लावायची आहे. फ्लेक्सवाल्याने घराचा फोटो, नारळ, समुद्र आणि होडी घालून डिझाइन करून दिलंय. पाटीवर नेमकं काय असावं? किंमत लिहावी का?

होडी काढा, नारळही काढा. ज्याला घर हवंय तो नारळाखालीच उभा राहून पाटी वाचणार आहे.

वाचायला वेळ किती मिळतो ते आधी बघा. गावातल्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. पाटी ३० मीटरवरून दिसायला लागली, तर वाचायला तीन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. तेवढ्यात डोळा ‘विकणे आहे’ आणि फोन नंबर टिपतो, फार तर आणखी एक ओळ. अक्षराच्या उंचीचा ढोबळ हिशेब असा, की दर १० फुटांना एक इंच. चार इंची अक्षर ४० फुटांवरून आरामात वाचता येतं. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरा. वेलांट्या आणि उकार त्याच्या बाहेर. फ्लेक्सवाले वेलांटीसकट चार इंच मोजतात, मग मूळ अक्षर अडीच इंचांचंच उरतं. वळणदार, बारीक रेषेचे फॉन्ट लग्नपत्रिकेला ठेवा.

मजकूर एवढा पुरे :

घर व जागा विकणे आहे
६ गुंठे – विहीर – गाडी दारापर्यंत
बिनशेती
मालक स्वतः
(फोन नंबर)

यातली तिसरी ओळ बहुतेक लोक लिहीत नाहीत, आणि फुकटचे फोन सर्वांत जास्त वाचवणारी ओळ तीच. तुमचं आवार गावठाणात आहे, बिनशेती झालेलं आहे की सातबाऱ्यावर अजून शेतीच आहे, हे तपासून खरं तेच लिहा. जागा शेतीची असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. मुंबईहून आलेल्या दहांपैकी आठ जण तिथेच बाद होतात, पण ते बाद होतात घर बघून, चहा पिऊन झाल्यावर. ‘शेतजमीन – शेतकरी दाखला आवश्यक’ एवढं लिहिलं की तो चहा वाचतो. शिवाय मोठ्या सर्व्हे नंबरातून तुकडा तोडून विकायचा असेल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. ते पाटीच्या आधी तलाठ्याकडे नि वकिलाकडे बघून घ्या.

‘सहा गुंठे’ हा आकडाही पडताळा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. ६ आर म्हणजे ६०० चौरस मीटर, साधारण ६,४५८ चौरस फूट. ६ गुंठे म्हणजे ६,५३४ चौरस फूट. बोलताना आपण आरलाच गुंठा म्हणून मोकळे होतो, पण गिऱ्हाईक दर गुंठ्याला किंवा फुटाला लावणार असेल तर या ७६ फुटांवर साठेखताच्या, म्हणजे विक्रीच्या कराराच्या दिवशी घासाघीस होते.

किंमत पाटीवर नको. पाटी महिनोन् महिने राहते. किंमत बदलायची वेळ आली की जुन्या आकड्यावर पट्टी चिकटवावी लागते, आणि ती पट्टी साऱ्या वाडीला दिसते. फोनवर मात्र अपेक्षा लगेच सांगा. ‘या, बघा, मग बोलू’ म्हटलं की दोघांचाही दिवस फुकट जातो.

‘समुद्रापासून १०० मीटर’ लिहायचा मोह होईल. असं लिहिलं की घर घेणारे कमी आणि रिसॉर्ट बांधायला जागा शोधणारे जास्त येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा असतो. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर (२०१९ च्या अधिसूचनेनुसार दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ५० मीटर) नव्या बांधकामाला बंदीचा पट्टा आहे. असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती ही वेगळी बाब. उत्तर हाताशी असेल तरच समुद्राचं नाव काढा.

फोन नंबर इंग्रजी आकड्यांत, पाच-पाचच्या दोन गटांत आणि पाटीवरच्या सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असावा. क्यूआर कोड घालणार असाल तर स्कॅन करण्याच्या अंतराच्या एक-दशांश आकाराचा लागतो. फाटकाशी उभं राहून एक मीटरवरून करायचा, तर १० सेंटिमीटर, भोवती पांढरी कड सोडून. फुकट बनवून मिळणारे काही कोड चाचणीची मुदत संपली की बंद पडतात. लिंक थेट भरलेला साधा कोड घ्या आणि छापण्याआधी दोन वेगळ्या मोबाइलवर तपासा.

प्रश्न : मालवणजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर आहे. फ्लेक्स पहिल्याच पावसात फाटला. मग पत्र्यावर रंगवून घेतली, तर वर्षभरात रंगाचे पापुद्रे निघाले आणि कडा गंजल्या. टिकणारी पाटी कशी करावी?

दोन्ही वेळा पाटी कुठे हरली ते कळलं की पुढचं सोपं आहे.

फ्लेक्स पाण्याने फाटत नाही, फडफडीने फाटतो. चारच कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या की मधला भाग शिडासारखा फुगतो, सगळा ताण कोपऱ्यांतल्या रिंगांवर येतो, आणि रिंग निघाली की फाट सरळ आत जाते. फ्लेक्सच लावायचा तर साधा २६०–२८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) नको, ३४० च्या पुढचा घ्या. चारही कडा इंचभर दुमडून चिकटवून घ्या, दर फुटाला एक रिंग ठेवा आणि लोखंडी चौकटीवर ताणून बसवा. चौकटीचे वेल्डिंगचे टोकेरी ठिपके घासून घ्या, नाहीतर फ्लेक्स मागून कापला जातो. वारा जावा म्हणून चंद्रकोरीसारखी भोकं पाडायची पद्धत आहे. तिचा फायदा थोडा, आणि फाटायला सुरुवात बहुधा त्याच भोकापासून होते. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

पत्र्याचं दुखणं वेगळं. गॅल्व्हनाइझ पत्र्यावर थेट ऑइल पेंट किंवा रेडऑक्साइड मारला की रंगातलं तेल आणि पत्र्यावरचं जस्त यांची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो, आणि रंग पापुद्र्याने सुटतो. पेंटरचा हात वाईट नव्हता, प्राइमर चुकला. नवा पत्रा साबणाच्या पाण्याने धुवून तेलकटपणा काढा, बारीक पॉलिश पेपर फिरवा, गॅल्व्हनाइझ पत्र्यासाठी मिळणारा ‘एच’ (etch) प्राइमर मारा आणि त्यावर रंग द्या. कापलेल्या कडांवर जस्त नसतं, त्यामुळे गंज तिथून धरतो. कडा मागे दुमडून घ्या किंवा त्यांना रंगाचा जादा हात द्या.

इतक्या खाऱ्या हवेत आम्ही तीन मिलिमीटर एसीपी शीट सुचवू. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि मध्ये प्लॅस्टिक असतं, त्यामुळे ती गंजत नाही आणि फडफडत नाही. वर बाहेरच्या वापराचं विनाइल, लॅमिनेशनसह. तीन फूट बाय दोन फूट एका घराला पुरते. स्क्रू मात्र स्टेनलेसचेच : समुद्राच्या इतक्या जवळ ३१६ दर्जाचे, आत वाडीत ३०४ चालतात. साधा लोखंडी स्क्रू गंजून पाटीवर तांबड्या धारा सोडतो, आणि शेजारचं ॲल्युमिनियमही खातो. स्क्रू पाच मिलिमीटरचा असेल तर भोक साडेसहाचं पाडा आणि खाली नायलॉनचा वॉशर घाला. उन्हात शीट फुगते, तिला सरकायला जागा हवी.

लाल अक्षरांचा आग्रह सोडा. उन्हात लाल आणि पिवळी शाई आधी उडते. वर्षभराने पाटीवर निळसर फोटो उरतो आणि ‘विकणे आहे’ गायब होतं. पांढऱ्यावर काळं किंवा गडद निळं अक्षर सर्वांत टिकाऊ.

आता बसवणं. जांभ्याच्या चिऱ्यात सहा मिलिमीटरचा प्लग धरत नाही. चिरा सच्छिद्र असतो, वाऱ्याने पाटी हलली की भोक रुंदावतं. १० मिलिमीटर जाडीचा, ७५–८० मिलिमीटर लांबीचा प्लग घ्या, ड्रिल हॅमरवर न ठेवता पाडा, भोकातली धूळ फुंकून काढा, मगच प्लग ठोका. सांध्यात भोक पाडू नका. जुन्या भिंतींचे सांधे मातीचे किंवा चुन्याचे असतात, तिथे काहीच धरत नाही. लोखंडी फाटक असेल तर भिंतीला हातच लावू नका : पाटीच्या मागे दोन पट्ट्या आणि यू-बोल्ट, काम झालं. गडग्याला पाटी बांधणं मात्र टाळा. गडगा नुसत्या रचलेल्या दगडांचा, वाऱ्याने पाटीसकट दोन दगड खाली येतात.

मोकळ्या जागेत खांब रोवायचे तर ४० बाय ४० मिलिमीटरचे चौकोनी पाइप, फूटभर रुंद आणि दोन फूट खोल खड्डा, १:२:४ चं काँक्रीट. पाइपाचं वरचं तोंड बंद करून घ्या. उघडं राहिलं तर पावसाचं पाणी आत साचतं आणि खांब जमिनीलगत आतून कुजतो, बाहेरून रंग छान दिसत असतो. सड्यावर कातळ लागला तर खोदत बसू नका, कातळात अँकर बोल्ट मारा.

ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात चार बाय तीन फुटांच्या पाटीवर ५० ते ६० किलोंचा रेटा येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचे झोत त्याहून जोराचे होते. म्हणून पाटी खांबाला वेल्ड करू नका. हाताने फिरवून निघतील असे विंगनट लावा, म्हणजे इशारा आला की घर राखणारा माणूस पाच मिनिटांत ती काढून पडवीत ठेवू शकेल.

प्रश्न : राजापूर तालुक्यात घर मुख्य रस्त्यापासून आत, पाखाडीने पाच-सात मिनिटांवर आहे. घरावरची पाटी कोणाला दिसणार? फाट्यावरच्या आंब्याला, विजेच्या खांबाला किंवा एसटीच्या थांब्याला लावली तर?

तिन्ही नकोत. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. भिंत, कुंपण, झाड, खांब हे सगळं त्यात येतं, आणि शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विजेच्या खांबाचा तर कायद्याआधी जीवाचा प्रश्न आहे, पावसात शिडी लावून तिथे चढू नये. आंब्याला खिळा ठोकला की साल फाटते, डिंक येतो, आणि अशा जखमेत भिरुड म्हणजे खोडकिडा शिरतो. झाड दुसऱ्याचं असेल तर त्याचा वेगळा हिशेब द्यावा लागेल.

रस्त्याकडेची मोकळी पट्टी कोणाचीच नाही असं वाटतं, पण ती रस्त्याच्या हद्दीत असते. मुंबई-गोवा महामार्ग क्रमांक ६६ लगत ती राष्ट्रीय महामार्गाची, इतरत्र सार्वजनिक बांधकाम खात्याची किंवा जिल्हा परिषदेची. साफसफाईच्या वेळी अशा पाट्या सरसकट उपटल्या जातात, आणि खांबासकट जातात.

त्यापेक्षा फाट्यावर ज्याची जमीन आहे त्याच्याकडून त्याच्या हद्दीत लावायची लेखी संमती घ्या. साध्या कागदावर दोन ओळी पुरतात : कुठे, किती दिवस, काढून कोण नेणार. ग्रामपंचायतीला अर्ज देऊन पोच घ्या. नगरपंचायत किंवा नगरपरिषद असेल तर तिचे जाहिरातीचे नियम आणि शुल्क आधी विचारा. फाट्यावरची पाटी दीड बाय एक फूट, तीवर फक्त ‘घर विकणे आहे’, बाण आणि अंतर. फोन नंबरही नको, तो घराशी. वळणावर लावू नका. गाडी चालवणाऱ्याचा डोळा रस्त्यापासून साधारण १.२ मीटरवर असतो. पाटी नेमकी त्या उंचीला आली तर समोरून येणारी एसटी झाकते.

आतल्या घराला पाटीपेक्षा मोबाइलवर पाठवायचं लोकेशन जास्त उपयोगी. पिन घरावर टाका, रस्त्यावर नको. आणि गाडी कुठवर येते, तिथून पायऱ्या किती, हे त्याच मेसेजमध्ये लिहा. म्हातारी माणसं बरोबर घेऊन आलेलं गिऱ्हाईक पाखाडी बघूनच परत फिरतं. ते फोनवरच कळलेलं बरं.

प्रश्न : संगमेश्वर तालुका. घरपट्टी वडिलांच्या नावावर होती, आता माझ्या. मी ‘घर विकणे आहे’ची पाटी लावली, तर चुलतभावाने शेजारीच ‘ही मिळकत सामाईक व वादग्रस्त आहे, कोणीही व्यवहार करू नये’ अशी पाटी लावली. त्याची पाटी काढून टाकता येईल का?

आधी तुमची उतरवा.

राग येईल, पण कारण बघा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, म्हणजे घरपट्टीची असेसमेंट, कर वसुलीसाठी असतो. त्यावर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. मालकी बघायची ती सातबारा, जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी), गावठाणातलं घर असेल तर मिळकत पत्रिका, आणि मूळ वाटणीचा कागद यांवरून. कोकणात आणखी एक गुंता नेहमी सापडतो : घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची. सातबाऱ्यावर जमिनीला भलतंच नाव आणि इतर हक्कांत कुठेतरी घराचा उल्लेख. अशा ठिकाणी ‘घर व जागा’ लिहिलेली पाटी खोटीच ठरते.

चुलतभावाचं नाव सातबाऱ्यावर तुमच्याबरोबर असेल तर त्याची पाटी चुकीची नाही. तुम्ही तुमचा अविभक्त हिस्सा विकू शकता, अख्खं घर नाही. आणि एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार त्याला आत येऊन एकत्र ताबा मागता येत नाही. असा हिस्सा कोण घेणार? घेतलाच तर मातीमोलाने. भावाबहिणींना एकाच माणसाकडून वारसाने मिळकत आली असेल, तर हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ एकाने विकायला काढलेला हिस्सा आधी घेण्याचा हक्क इतरांना देतं.

बहिणींचं विसरू नका, आत्यांचंही. ‘त्यांनी सोडलंय’ हे तोंडी चालत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं आणि त्यावरून फेरफार व्हावा लागतो. खरेदीदाराचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, त्या मुदतीत आत्याच्या मुलाची हरकत आली की व्यवहार तिथेच थांबतो, आणि तोवर विसार खर्च झालेला असतो.

म्हणून क्रम असा. गेल्या दोन-तीन पिढ्यांचे फेरफार काढा. वंशावळ कागदावर मांडा, सासरी गेलेल्या मुलींसकट. हिस्से ठरत असतील तर वाटणीपत्र नोंदवा. शेतसाऱ्याच्या जमिनीचं वाटप जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे मागता येतं. घराच्या वाटणीला नोंदणीकृत दस्त किंवा दिवाणी कोर्ट. जमलंच तर चुलतभावालाच विचारा की तो घेतो का. पुष्कळदा विरोधाच्या पाटीमागे ‘मला आधी का नाही विचारलं’ एवढंच असतं.

त्याची पाटी त्याच्या हिश्शात किंवा सामाईक जागेत असेल तर हात लावू नका. ती फाडली की पोलिसात तक्रार, मग उलट तक्रार, आणि घराच्या कागदांत नसलेला वाद खरोखरच तयार होतो. मिळकत केवळ तुमच्याच नावाची असून त्याने तुमच्या हद्दीत पाटी ठोकली असेल, तर फोटो काढून ठेवा आणि वकिलाची नोटीस द्या. दावा कोर्टात चालू असेल तर पाटी लावून फार काही साधत नाही. तेव्हा घेणाऱ्यालाही निकाल बंधनकारक राहतो, आणि शहाणं गिऱ्हाईक आधी तेच विचारतं.

प्रश्न : देवगडला कलमांची बाग आणि बंद घर आहे. विकायचं नाही. पण कोणीतरी आमची जागा परस्पर दाखवतो असं कळलं. ‘विकणे नाही’ अशी पाटी लावू का?

लावा. ‘ही जागा विकण्याची नाही. कोणालाही अधिकार दिलेला नाही’ आणि फोन नंबर. सर्व्हे किंवा गट नंबर लिहा, म्हणजे हातात सातबारा घेऊन आलेल्याला खूण पटते. ‘मालक मुंबईत’ असं कुठेही लिहू नका. बंद घराची ती जाहिरात होते. पाटीइतकंच महत्त्वाचं म्हणजे दर सहा महिन्यांनी सातबारा ऑनलाइन काढून त्यावर नवा फेरफार प्रलंबित दिसतो का ते बघणं, आणि जुनं कुलमुखत्यारपत्र कोणाला दिलेलं असेल तर ते नोंदणीने रद्द करणं.

प्रश्न : चिपळूणला सोसायटीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाल्कनीच्या ग्रिलला पाटी लावली तर कमिटी म्हणते काढा. २०२१ च्या पुराबद्दल लोक विचारतात, तेही पाटीमुळेच, असं घरच्यांचं म्हणणं.

ग्रिल तुमचं, पण इमारतीचा दर्शनी भाग, गेट आणि कंपाउंड सोसायटीचं. आदर्श उपविधीत हस्तांतराची नोटीस सोसायटीला १५ दिवस आधी द्यायची असते. ती लवकर द्या आणि त्याच अर्जात नोटीस बोर्डावर एक कागद आणि खिडकीत आतून दोन बाय दीडची पाटी लावायची परवानगी मागा. आतून काचेला लावलेली पाटी सहसा कोणाला खुपत नाही. फ्लॅट घेणारा बऱ्याचदा त्याच इमारतीत भाड्याने राहणारा किंवा वरच्या मजल्यावरच्याचा नातेवाईक असतो. त्याच्यासाठी नोटीस बोर्डच खरा.

पुराचं : पाटी असो नसो, २२ जुलै २०२१ चिपळुणात कोणी विसरलेलं नाही. घराचा असा दोष, जो खरेदीदाराला साध्या चौकशीत कळणार नाही, तो सांगायची जबाबदारी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ ने विक्रेत्यावर टाकली आहे. पाणी कुठवर आलं होतं, मीटर आणि पंप कुठे आहेत, नंतर वायरिंग बदललं का, हे लिहून ठेवा आणि विचारलं की लगेच सांगा. पहिल्या मजल्याला पाणी लागलं नसेल तर तोच तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, लपवताय काय!

प्रश्न : पाटीवर माझा नंबर आहे (रत्नागिरी). दिवसभर एजंटांचे फोन, रात्री भलतेसलते मेसेज. एकाने तर घर न बघताच टोकन पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला.

तो क्यूआर कोड उघडू नका. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. लष्करात आहे, बदलीवर आहे, घाई आहे ही नेहमीची बतावणी. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवा, उशीर जितका कमी तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

पाटीसाठी वेगळं सिमकार्ड घ्या, काम झालं की बंद करता येतं. बाईमाणसाचं नाव लिहू नका, कोणाचंच नाव लिहिलं नाही तरी चालतं. ‘संपर्क सकाळी १० ते सायंकाळी ६’ ही ओळ उपयोगी पडते. फोनवर तीनच प्रश्न विचारा : स्वतःसाठी की कोणासाठी, शेतकरी दाखला आहे का (जागा शेतीची असेल तर), कर्ज काढणार की रोख. उत्तरं वहीत तारखेनिशी लिहा. बघायला येणाऱ्याचं पूर्ण नाव आणि ओळखपत्राचा फोटो आधी मागायला संकोच करू नका. खरा घेणारा देतो.

प्रश्न : अलिबागला आमच्या फाटकावर आमच्या पाटीशेजारी एका दलालाने स्वतःच्या नंबरची पाटी आणून लावली. आता म्हणतो, गिऱ्हाईक आलं तर दोन टक्के. शिवाय रेरा नंबर लागतो म्हणून घाबरवतो.

तुमची स्वतःची मिळकत तुम्ही विकताय, तुम्हाला रेरा (स्थावर संपदा नियमन) नंबर लागत नाही. तो विकासकाच्या नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीला लागतो, आणि अशा प्रकल्पातल्या सदनिका विकून देणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते.

पाटी तुमच्या फाटकावर असल्याने काढून ठेवा, त्याला मेसेजने कळवा : ‘तुमची पाटी आमच्या परवानगीशिवाय लावलेली होती, ती काढली आहे. आम्ही कोणालाही दलालीचा अधिकार दिलेला नाही.’ मेसेज जपून ठेवा. एखाद्या दलालाला काम द्यायचंच असेल तर कागदावर द्या. दलाली किती आणि कोणत्या टप्प्यावर (खरेदीखत नोंदल्यावर, विसाराला नाही), मुदत किती, आणि तुम्ही स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकावर काही नाही. एका फाटकावर तीन नंबर असलं की घेणारा तिघांनाही फोन करतो, तीन किमती ऐकतो, आणि सर्वांत कमीवर अडून बसतो.

प्रश्न : विसार घेतला की पाटी काढायची का? (वेंगुर्ले)

काढू नका, तिरकी पट्टी चिकटवा : ‘विसार झाला’. विसार घेतलेले सगळेच व्यवहार खरेदीखतापर्यंत पोचत नाहीत, कर्ज नामंजूर होतं, हरकत येते. पट्टी बघूनही कोणी फोन केला तर नंबर लिहून ठेवा, पण बोलणी करू नका. साठेखतात मुदत घातलेली असतेच, तोवर थांबा. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं की त्याच दिवशी पाटी उतरवा, फाट्यावरची धरून. प्लगची भोकं सिमेंटने बुजवून द्या. घर आता दुसऱ्याचं आहे. मोबाइलवर टाकलेल्या जाहिराती आणि गावच्या ग्रुपमधले फोटोही काढून टाका, नाहीतर नव्या मालकाच्या दारात पुढच्या शिमग्यालाही लोक घर बघायला येतात.